व्यवहार ठरला, दलाली अडली

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत जमिनीचा किंवा घराचा व्यवहार मध्यस्थाशिवाय झाला, असे क्वचितच ऐकू येते. गोडोलीतला फ्लॅट असो, शाहूपुरीतले जुने घर असो, विश्रामबागचा प्लॉट असो किंवा तासगावच्या बाजूची दोन एकर बाग असो, ‘पार्टी’ आणणारा कोणीतरी मध्ये असतोच. कधी तो पाटी लावून बसलेला इस्टेट एजंट असतो. कधी झेरॉक्सचे दुकान चालवणारा, कधी विमा एजंट, कधी ग्रामपंचायतीचा माजी सदस्य. व्यवहार बसला की दोन्ही बाजूंकडून टक्का किंवा दोन टक्के घ्यायचे, ही सर्वसाधारण रीत. ती सगळ्यांना ठाऊक असते. तरीही खरेदीखताच्या दिवशी दुय्यम निबंधक कार्यालयाच्या बाहेर आवाज चढतो तो बहुधा याच पैशांवरून.

वरून पाहिले तर भांडण टक्क्याचे दिसते. मालक म्हणतो, दोन टक्के फार झाले. एजंट म्हणतो, ठरले होते तेवढेच मागतोय. पण अशा वादांच्या मुळाशी गेले की टक्का मागे पडतो आणि तीन प्रश्न उरतात. दलाली नेमकी कोणत्या टप्प्यावर मिळायची? ती कोणी द्यायची? आणि कोणत्या रकमेवर मोजायची? या तिन्हींची उत्तरे व्यवहार सुरू होण्याआधी कोणी लिहून ठेवत नाही. पन्नास लाखांच्या जमिनीसाठी विसारपावती होते, साठेखत होते, चतुःसीमा तपासून खरेदीखत होते. त्याच व्यवहारातल्या लाखभर रुपयांच्या दलालीसाठी मात्र कागदाचा चिटोराही नसतो. माझ्या मते या दोन जिल्ह्यांतल्या बहुतेक तंट्यांचे कारण एवढेच आहे.

पहिला प्रश्न टप्प्याचा. आपल्याकडे व्यवहार एका दिवसात होत नाही. आधी तोंडी बोलणी, मग विसार, मग साठेखत, मग मोजणी, कर्जमंजुरी, खरेदीखत, शेवटी फेरफार. यांतल्या कोणत्या पायरीवर एजंटाचे काम संपले? एजंटाला वाटते, विसार झाला म्हणजे आपण गिऱ्हाईक आणून दाखवले. मालकाला वाटते, खरेदीखतावर सह्या होऊन पैसे खात्यात पडेपर्यंत कसलीच दलाली नाही. खरेदीदार म्हणतो, सातबाऱ्यावर नाव लागल्यावर बघू. तिघेही प्रामाणिकपणे बोलत असतात आणि तिघांचे म्हणणे वेगळे असते.

१८७२ च्या भारतीय करार कायद्यात याचे उत्तर आहे, पण अर्धेच. कलम २१९ सांगते की वेगळा करार नसेल तर एजंटाला सोपवलेले काम पूर्ण होईपर्यंत त्याचा मोबदला देय होत नाही. म्हणजे प्रश्न पुन्हा तिथेच येतो: सोपवलेले काम कोणते होते? मालकाने ‘गिऱ्हाईक आणून दे’ असे सांगितले असेल, तर ठरलेल्या भावाने घ्यायला तयार आणि पैशाने सक्षम माणूस समोर बसवला की काम झाले. ‘जमीन विकून दे’ असे सांगितले असेल, तर खरेदीखतापर्यंत थांबावे लागेल. चहाच्या टपरीवर झालेल्या बोलण्यात यांपैकी कोणते वाक्य होते, हे सहा महिन्यांनी प्रत्येकाला आपापल्या सोयीने आठवते.

न्यायालयांनी या दोन्ही बाजू पाहिल्या आहेत. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९५० मध्येच अब्दुल्ला अहमद विरुद्ध अनिमेंद्र किसेन मित्तर या खटल्यात कोलकात्याच्या एका मालमत्तेच्या दलालीचा निकाल दिला. विक्रीची बोलणी करण्याचा अधिकार मिळालेल्या दलालाने गिऱ्हाईक आणले. मालकाने त्याला बाजूला सारून, त्याच गिऱ्हाइकाने पुढे केलेल्या माणसाला मालमत्ता विकली. न्यायालयाने एकीकडे स्पष्ट केले की बोलणी करण्याच्या अधिकारात मालकाच्या वतीने बांधील करार करून टाकण्याचा अधिकार येत नाही. दुसरीकडे दलालाची दलाली मात्र मान्य केली, कारण सांगितलेले काम त्याने केले होते. याच्या उलट १९४१ चा इंग्लंडमधला लक्सर विरुद्ध कूपर हा निकाल. तिथे दोन चित्रपटगृहांच्या विक्रीची दलाली ‘विक्री पूर्ण झाल्यावर’ द्यायची असे ठरले होते. तयार गिऱ्हाईक असूनही मालकांनी विक्री केली नाही आणि एजंटाच्या हाती काहीच लागले नाही. विक्री पूर्ण होण्याची अट मान्य केली, तर मालकाने मन बदलण्याची जोखीमही एजंटाने घेतली, असा त्या निकालाचा अर्थ. दोन्ही निकाल शेजारी ठेवून वाचले की फरक कळतो: एजंट किती राबला यापेक्षा काय ठरले होते, याला महत्त्व.

आपल्याकडे विसारानंतर व्यवहार फुटतो तो बहुधा कुटुंबातूनच. सातबाऱ्यावर तीन भावांची नावे असतात, बहिणींची नावे कधी लागलेलीच नसतात किंवा इतर हक्कात पडून असतात. विसार घेताना थोरला भाऊ सगळ्यांच्या वतीने बोलतो. खरेदीखताची तारीख जवळ आली की बहिणीची सही अडते. ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झालेल्या हिंदू वारसा कायद्यातील दुरुस्तीने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क मिळाला आणि ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात तो हक्क जन्मानेच मिळतो हे पक्के केले. तेव्हापासून बहिणीची सही ही औपचारिकता उरलेली नाही आणि ते योग्यच आहे. पण असा व्यवहार मोडला की दलालीचे काय? एजंट म्हणतो, घरातले भांडण तुमचे, माझे काम झाले. मालक म्हणतो, व्यवहारच नाही तर दलाली कसली?

इथे मला एजंटाची बाजू सरसकट घेता येत नाही. जमिनीच्या मध्यस्थाकडून लोकांची पहिली अपेक्षा असते ती कागद पाहण्याची. सातबारा, आठ-अ, जुने फेरफार, वारसनोंदी न बघताच ज्याने विसार घडवून आणला, त्याने आपले अर्धे काम केलेलेच नाही. मात्र त्याने कागद मागितले, वारसांविषयी विचारले आणि मालकाने ‘सगळे तयार आहेत’ असे सांगून खरी स्थिती लपवली, तर त्याचा वेळ आणि खर्च वाया घालवण्याचा अधिकार मालकाला नाही. अशा वेळी पूर्ण दलाली नको, पण ठरावीक मेहनताना मिळावा, ही तडजोड मला न्याय्य वाटते. अट एकच, ती आधी लिहिलेली हवी.

सर्वांत कडू वाद परस्पर व्यवहाराचा. एजंट प्लॉट दाखवतो, मालकाशी गाठ घालून देतो, दोन-तीन बैठकाही होतात. मग खरेदीदार म्हणतो, ‘सध्या जमत नाही.’ चार महिन्यांनी एजंटाला कळते की तोच प्लॉट त्याच माणसाने, कधी बायकोच्या तर कधी मेहुण्याच्या नावावर, थेट मालकाकडून घेतला. मालक आणि खरेदीदार दोघांनीही दलाली वाचवली. कष्टाने उभ्या केलेल्या ओळखीची ही सरळ लूट आहे. तिला व्यवहारचातुर्य म्हणण्याची आपल्याकडची सवय मला पटत नाही. अब्दुल्ला अहमद खटल्यातली परिस्थिती बरीचशी हीच होती, म्हणजे कायदा अशा एजंटाच्या बाजूने उभा राहू शकतो. अडचण पुराव्याची. पूर्वी जागा कोणी दाखवली हे सिद्ध करायला साक्षीदार लागत. आता व्हॉट्सॲपवर पाठवलेले सातबाऱ्याचे फोटो, ठिकाणाचा नकाशा, ‘उद्या अकराला साइटवर या’ असे निरोप हाताशी असतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे आवश्यक ते प्रमाणपत्र जोडले की असे निरोप न्यायालयात पुरावा म्हणून मांडता येतात. एजंटांनी हे निरोप पुसू नयेत. खरेदीदारांनीही नयेत, कारण एजंटाने काय आश्वासने दिली होती तेही त्यातच असते.

याला जोडूनच साखळीचा प्रश्न येतो. एकाच प्लॉटची माहिती सात-आठ जणांकडे फिरत असते. कराडचा एजंट मलकापुरातल्याला सांगतो, तो साताऱ्यातल्याला, आणि गिऱ्हाईक येते पुण्याहून. खरेदीखताच्या दिवशी पाच माणसे आपापला हिस्सा मागत उभी. एकाने फक्त ‘टीप’ दिलेली असते, दुसऱ्याने जागा दाखवलेली, तिसऱ्याने भाव जुळवलेला. इंग्लंडच्या अपील न्यायालयाने २००८ मध्ये फॉक्सटन्स या इस्टेट एजन्सीच्या खटल्यात या प्रश्नाचा विचार केला. एका एजंटाने घर पहिल्यांदा दाखवले, पण विक्री घडली ती नंतर दुसऱ्या एजंटाच्या प्रयत्नाने. घर दाखवणे वेगळे आणि खरेदीला प्रवृत्त करणे वेगळे, असे म्हणत न्यायालयाने पहिल्या एजंटाची मागणी फेटाळली. आपल्याकडेही विक्री प्रत्यक्षात कोणामुळे घडली, हाच प्रश्न निर्णायक ठरायला हवा. मालकाच्या दृष्टीने सोपा मार्ग म्हणजे दलाली एकालाच द्यायची आणि पुढचे वाटप त्याने करायचे, असे आधी ठरवणे.

दलाली कोणी द्यायची, हा दुसरा प्रश्न. ‘दोन्हीकडून’ ही रीत इतकी रुळली आहे की तिच्यातली अडचण कोणाला खटकत नाही. मालकाला भाव जास्त हवा, खरेदीदाराला कमी. दोघांचाही माणूस एकच असेल तर तो कोणासाठी भाव ताणणार? कायद्याची भूमिका साधी आहे. दोघांना ठाऊक असेल आणि दोघांनी मान्य केले असेल, तर दोन्हीकडून घ्यायला हरकत नाही. पण एकाला अंधारात ठेवून दुसऱ्याकडून पैसे घेणे म्हणजे विश्वासघात.

त्याहून बिकट प्रकार ‘वरचे तुझे’ हा. मालक म्हणतो, “मला गुंठ्याला एवढे हातात पाहिजेत, वरचे तुझे.” मालकापुरता हा करार सरळ आहे. पण एजंट खरेदीदाराला सांगतो, ‘मालक यापेक्षा खाली येतच नाही, मी तुमच्यासाठी घासाघीस केली’ आणि त्याच्याकडूनही दोन टक्के घेतो. खरेदीदाराचा माणूस म्हणून पैसे घ्यायचे आणि त्याच्याच खिशातून फरकही काढायचा, ही दुहेरी कमाई उघडी पडली की व्यवहार पोलीस ठाण्यापर्यंत जातो. आणखी एक पायरी पुढे जाऊन काही मध्यस्थ स्वतःच्या किंवा नातेवाइकाच्या नावावर कमी भावात साठेखत करून घेतात आणि महिनाभरात तीच जमीन चढ्या भावाने तिसऱ्याला फिरवतात. करार कायद्याची कलमे २१५ आणि २१६ याच प्रसंगासाठी आहेत. एजंट मालकाच्या संमतीशिवाय स्वतःसाठी व्यवहार करत असेल आणि त्याने महत्त्वाची गोष्ट लपवली असेल किंवा व्यवहार मालकाच्या नुकसानीचा असेल, तर मालक तो नाकारू शकतो. एजंटाने मिळवलेला नफाही त्याला मागता येतो. गावाकडच्या किती मालकांना हे ठाऊक असते?

तिसरा प्रश्न रकमेचा. याविषयी उघडपणे बोलणे लोक टाळतात, म्हणून इथे थोडे थांबतो. व्यवहार एका भावाने होतो, दस्तात दुसरी रक्कम लिहिली जाते. बऱ्याचदा दस्तातली रक्कम रेडी रेकनरच्या आसपास ठेवतात आणि बाकीचे रोखीने. एजंट दलाली मागतो प्रत्यक्ष भावावर. बिनसले की मालक बोट दाखवतो दस्ताकडे. आता एजंटाने न्यायालयात जायचे म्हटले तर त्याला सिद्ध करावे लागेल की खरी किंमत जास्त होती, म्हणजे मुद्रांक शुल्क आणि प्राप्तिकर बुडवणाऱ्या व्यवहारात आपण भागीदार होतो हेही कबूल करावे लागेल. मालकालाही तीच भीती. त्यामुळे दोघेही न्यायालयाची पायरी चढत नाहीत आणि वाद सुटतो तो दमदाटीने किंवा एखाद्या पुढाऱ्याच्या बैठकीत. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारापोटी २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घ्यायला प्राप्तिकर कायद्याची मनाई आहे, आणि दंड घेतलेल्या रकमेइतकाच होऊ शकतो. रोखीच्या हिश्शावर उभी असलेली दलाली कायद्याने वसूल होण्याची आशा कोणी धरू नये.

उलट बँकेतून दिलेल्या दलालीचा मालकाला फायदाच होतो. मालमत्ता विकल्यावर भांडवली नफ्याचा हिशेब करताना विक्रीसाठी दिलेली दलाली खर्च म्हणून वजा करता येते. त्यासाठी पावती लागते. एजंटाची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली तर दलालीवर १८ टक्के जीएसटी लागतो; तो दोन टक्क्यांत धरलेला की वेगळा, यावरूनही अलीकडे वाद होतात. ही गोष्ट आधी विचारून घ्यायला एक मिनिट लागतो.

या दोन जिल्ह्यांचे एक वैशिष्ट्य असे की इथली जमीन घेणारा माणूस अनेकदा इथे राहतच नाही. विटा, खानापूर, आटपाडीकडचे गलाई व्यावसायिक देशभरातल्या सराफ बाजारांत सोने-चांदी गाळण्याचे काम करतात आणि कमाई गावाकडच्या जमिनीत घालतात. पाटण, जावळीचे हजारो लोक मुंबई-नवी मुंबईत माथाडी म्हणून राबले, त्यांनाही गावी किंवा साताऱ्यात एखादा प्लॉट हवा असतो. साताऱ्याच्या अपशिंगे मिलिटरीसारख्या गावांतले जवान निवृत्तीची रक्कम हातात आली की घराची जागा शोधतात. हे सगळे लांबून, फोनवर, ओळखीच्या माणसावर विसंबून व्यवहार करतात. विसाराचे पैसे एजंटाच्या हातात, कधी कुलमुखत्यारपत्रही त्याच्या नावे. इथे करार कायद्याची कलमे २१३, २१७ आणि २१८ लक्षात ठेवावीत. मालकाच्या वतीने आलेल्या रकमेतून एजंट आपली देय झालेली दलाली कापून घेऊ शकतो, पण उरलेली रक्कम त्याने दिलीच पाहिजे, आणि मागितल्यावर हिशेबही दिला पाहिजे. ‘देय झालेली’ हा शब्द महत्त्वाचा. काम पूर्ण होण्याआधी विसारातून कापलेली दलाली ही दलाली नव्हे. विसाराची रक्कम एजंटाच्या खात्यात न देता थेट मालकाच्या खात्यात भरली, तर हा वादच उद्भवत नाही.

२०१७ च्या मे महिन्यापासून राज्यात महारेरा हे स्थावर संपदा नियामक प्राधिकरण काम करू लागले, तेव्हा अनेकांना वाटले की दलालीचे तंटे आता मिटतील. एजंटाला नोंदणी सक्तीची झाली. वैयक्तिक एजंटाला १० हजार रुपये शुल्कात पाच वर्षांची नोंदणी मिळते. पुढे प्रशिक्षण घेऊन परीक्षा उत्तीर्ण होण्याची अटही आली. नोंदणीशिवाय काम केले तर दिवसाला १० हजार रुपये, एकूण मालमत्तेच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. हे सारे चांगलेच झाले. पण रेराची चौकट मुळात प्रकल्पांसाठी आहे आणि दलालीचा दर तो कायदा ठरवत नाही. शाहूपुरीतले तीस वर्षांचे घर, कोरेगावची शेतजमीन, मिरजेतला जुना फ्लॅट यांची पुनर्विक्री त्या चौकटीबाहेर राहते. आणि इथले वाद बहुतेक अशाच मालमत्तांचे असतात.

सांगलीत त्यात गुंठेवारीची भर पडते. सांगली-मिरज-कुपवाड परिसरात शेतजमिनीचे गुंठा-गुंठा तुकडे विकून वसाहतीच्या वसाहती उभ्या राहिल्या. त्या नियमित करण्यासाठी २००१ मध्ये कायदा आला आणि २०२१ च्या दुरुस्तीने २०२० च्या अखेरपर्यंतची गुंठेवारी त्यात घेतली गेली. दरम्यान तुकडेबंदी कायद्याखाली ऑगस्ट २०२३ मध्ये जिरायतीसाठी २० गुंठे आणि बागायतीसाठी १० गुंठे असे प्रमाणभूत, म्हणजे विकता येण्याजोगे किमान, क्षेत्र ठरले, आणि २०२५ मध्ये शहरी भागातल्या तुकड्यांसाठी सवलत जाहीर झाली. हे नियम सारखे बदलत राहिल्यामुळे एजंट सांगतो, ‘काही होत नाही, दोन गुंठे घ्या, पुढे नियमित होतील.’ नंतर खरेदीखत होत नाही, झाले तरी नावावर लागत नाही. अशा व्यवहाराची दलाली घेतलेल्या एजंटाला ती पचू द्यावी का? माझे उत्तर नाही असे आहे. करार कायद्याचे कलम २२० म्हणते की एजंटाने कामात गैरवर्तन केले असेल, तर त्या भागाचा मोबदला त्याला मिळत नाही. होणारच नाही असा दस्त होईल असे छातीठोक सांगून पैसे घेणे याहून वेगळे काय असते?

कलम २२० ची आठवण पुराच्या संदर्भातही व्हायला हवी. २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांनी सांगलीला शिकवले की कृष्णाकाठचा प्रत्येक प्लॉट सारखा नसतो. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले होते. निळी रेषा, लाल रेषा हे पूररेषांचे शब्द तेव्हापासून घराघरांत पोचले. तरीही ‘इथे पाणी येत नाही’ हे वाक्य विक्रीच्या वेळी सहज उच्चारले जाते. ज्या गल्लीत तीन वर्षांत दोनदा पाणी शिरले, तिथला फ्लॅट हे लपवून विकणाऱ्या मध्यस्थाकडे दलाली परत मागण्याचा खरेदीदाराला नैतिक अधिकार आहेच. कायद्याचा मार्गही आहे: मोबदला घेऊन दिलेल्या सेवेतल्या त्रुटीबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते.

आता वसुलीच्या वाईट पद्धतींविषयी. दलाली अडली की काही एजंट वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देतात, तलाठ्याकडे फेरफाराला हरकत घेतात, मूळ कागद अडवून ठेवतात. यांपैकी कागदांच्या बाबतीत कलम २२१ एजंटाला मर्यादित हक्क देते: मालकाकडून कामासाठी मिळालेले कागद त्या कामाची देय दलाली मिळेपर्यंत ठेवता येतात. पण दलाली देयच झाली नसेल, किंवा कागद दुसऱ्याच कोणाचे असतील, तर हा हक्क उरत नाही. दलालीची बाकी हे जमिनीतल्या मालकी हक्काचे कारण होत नाही, म्हणून त्यासाठी फेरफार अडवण्याला आधार नाही. सहीच्या दिवशी माणसे घेऊन कार्यालयाबाहेर उभे राहणे हा तर सरळ गुन्ह्याकडे जाणारा रस्ता.

एक गोष्ट मला नेहमी विचारात पाडते. हीच सांगली, हेच तासगाव, इथे हळद आणि बेदाण्याचा बाजार पिढ्यान् पिढ्या अडत्यांच्या मार्फत चालतो. १९६३ च्या कृषी उत्पन्न पणन कायद्याखाली अडत्याला परवाना लागतो, अडतीचा दर बाजार समिती ठरवते, शेतकऱ्याला हिशेबपट्टी मिळते. अडत कोणी द्यायची यावर रान पेटले आणि २०१६ मध्ये फळे-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचा निर्णय झाला. म्हणजे हळदीच्या चार पोत्यांवरच्या अडतीची पट्टी आपण जपून ठेवतो. आयुष्याची कमाई ज्यात जाते त्या जमिनीच्या दलालीचा मात्र हिशेब नाही. मार्केट यार्डाच्या कारभारात दोष पुष्कळ आहेत, पण कोणी, किती आणि कधी द्यायचे हे तिथे लिहिलेले असते.

बाहेरच्या देशांतही हाच प्रवास दिसतो. जर्मनीने डिसेंबर २०२० पासून घरविक्रीच्या दलालीचा करार लेखी स्वरूपात सक्तीचा केला आणि विक्रेत्याने नेमलेल्या दलालाचा निम्म्याहून जास्त भार खरेदीदारावर टाकायला बंदी घातली. अमेरिकेत ऑक्टोबर २०२३ मध्ये कॅन्सस सिटीच्या ज्युरीने दलालीच्या प्रथांवरून एजंटांच्या राष्ट्रीय संघटनेविरुद्ध आणि मोठ्या कंपन्यांविरुद्ध सुमारे १.८ अब्ज डॉलरचा निकाल दिला. संघटनेने पुढे ४१ कोटी ८० लाख डॉलरची तडजोड केली आणि १७ ऑगस्ट २०२४ पासून घर दाखवण्याआधी खरेदीदाराशी लेखी करार करणे तिच्या एजंटांना बंधनकारक झाले. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये वेल्स विरुद्ध देवानी खटल्यात फोनवर ठरलेली दलालीही ग्राह्य धरली. मात्र अटी वेळेवर लेखी न कळवल्याबद्दल खालच्या न्यायालयाने एजंटाच्या रकमेतून एक तृतीयांश कापले होते, ती कपात कायम राहिली. तोंडी शब्दाला मान, पण लेखी न देण्याची किंमत, हा समतोल मला आवडतो.

आपल्याकडे कायद्याची वाट पाहण्याची गरज नाही. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून किमान मुद्रांक ५०० रुपयांचा झाला आहे. तेवढ्या मुद्रांकावर मराठीत एक पानी करारनामा पुरतो. गट क्रमांक किंवा सिटी सर्व्हे क्रमांक, एजंट कोणाच्या बाजूचा, दलाली किती आणि कोणत्या रकमेवर, जीएसटी धरून की वगळून. साठेखताच्या वेळी एक तृतीयांश आणि उरलेली खरेदीखताच्या वेळी, अशी विभागणी मला योग्य वाटते. व्यवहार मालकाच्या दोषाने मोडला तर किती, एजंटाच्या दोषाने मोडला तर परत किती. जागा दाखवल्यापासून सहा महिन्यांत त्याच खरेदीदाराने किंवा त्याच्या घरातल्या कोणी परस्पर घेतली तरी दलाली लागू राहील, हे एक वाक्य एजंटाने आग्रहाने घालावे. पैसे बँकेतून आणि पावती मिळाल्यावरच, हे दुसरे वाक्य मालकाने घालावे. सातारा, कराड, सांगली, मिरजेतल्या एजंटांच्या संघटनांनी असा एक नमुना एकत्र बसून तयार केला, तर त्यांच्यावरचा लोकांचा अविश्वासही कमी होईल. दस्तलेखक आणि वकिलांनी खरेदीखतात मध्यस्थाचे नाव आणि मिळालेली दलाली यांचा एक परिच्छेद घालायला सुरुवात करावी. चांगल्या एजंटाला यात गमावण्यासारखे काही नाही.

ज्यांचा वाद आधीच सुरू आहे, त्यांनी तारखा तपासाव्यात. दलालीच्या वसुलीसाठी दिवाणी दावा सर्वसाधारणपणे तीन वर्षांच्या आत लावावा लागतो, आणि एजंटाच्या सेवेविरुद्ध ग्राहक आयोगाकडे जायची मुदत दोन वर्षांची आहे. ‘पुढच्या महिन्यात देतो’ या तोंडी वायद्याने ही मुदत वाढत नाही. मुदत संपण्याआधी बाकीची लेखी कबुली किंवा थोडी रक्कम बँकेतून घ्यावी, आणि तेही होत नसेल तर वकिलाची नोटीस पाठवून न्यायालयात जावे.